आठव्या लॅपला काय होतं?

वाचकांचे प्रश्न : टर्बो गाडी, रस्ता आणि ट्रॅक

या वेळच्या टपालात टर्बोच टर्बो आहे, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून, तिने चालवलेल्या कॉम्प्रेसरने इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र. पत्रं लांब होती, ती मुद्द्यापुरती कापली आहेत. ज्यांनी डेटा लॉग (गाडीच्या सेन्सरांच्या आकड्यांची नोंद) जोडला त्यांना सविस्तर उत्तर मिळालं आहे. ज्यांनी नुसतं "गाडी ओढत नाही" एवढंच कळवलं, त्यांनी लॉग घेऊन पुन्हा लिहावं. न बघता औषध देणं मला जमत नाही.

प्रश्न : माझी दोन लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. रोजच्या वापराला तीच, आणि अधूनमधून ट्रॅकवरही तीच. ईसीयू रीमॅप केल्यावर (इंजिनाच्या संगणकातला मॅप, म्हणजे पेट्रोल, स्पार्क आणि बूस्टचे आकडे, बदलल्यावर) डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, २९० अश्वशक्ती दिसली. ट्रॅकवर पहिले दोन लॅप गाडी झकास पळते, तिसऱ्यापासून सरळ पट्ट्यात मार खाते. कुठलाही दिवा लागत नाही. बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) शेवटपर्यंत १ बारवर टिकतो. बाहेर ३० अंश होते. लॉगमध्ये इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान ४८ वरून ७४ अंशांवर गेलेलं दिसतं. मोठा टर्बो बसवू का?

उत्तर : नको. निदान आत्ता तरी नको. तुमच्या पत्रातच उत्तर आहे : बूस्ट तेवढाच राहिला आणि तापमान चढलं.

हवा दाबली की ती तापणारच. १ बार बूस्ट म्हणजे समुद्रसपाटीला दुप्पट दाब. कॉम्प्रेसर अगदी आदर्श असता, तरी तुमची ३० अंशांची हवा ९६ अंशांच्या आसपास गेली असती. खरा कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षमतेने चालतोय असं धरा, की तीच हवा १२५ अंशांच्या घरात बाहेर पडते. इंटरकूलर (ही दाबलेली हवा थंड करणारी जाळी) ताजा असताना या ९५ अंशांच्या वाढीतला ८० टक्के भाग काढून घेतो असं मानलं, तर इंजिनाला ४९ अंशांची हवा मिळते. तुमचा पहिला आकडा ४८. आता इंटरकूलर तापून बसला आणि ५५ टक्केच काढू लागला असं धरून पुन्हा गणित करा : ७३. तुमचा शेवटचा आकडा ७४. कागदावरचं गणित लॉगशी इतकं जुळलं की मला बरं वाटतं, रोज जुळत नाही.

हवा तापली की विरळ होते, पण त्याचा तोटा साताठ टक्क्यांचाच. तुम्हाला सरळ पट्ट्यात जो मार जाणवतोय तो मुख्यतः इग्निशनमधला आहे. सिलिंडरमध्ये स्पार्क पडल्यावर ज्योत पसरत जाते, आणि कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण तिची वाट बघत दाबाखाली तापत असतं. आत येणारी हवाच गरम असेल तर ते मिश्रण ज्योत पोहोचायच्या आधी आपलं आपण पेटतं. हेच नॉकिंग. ते टाळायला ईसीयू हवेचं तापमान पाहून स्पार्क आधीच थोडा मागे घेतो, आणि नॉक सेन्सरला तरीही खडखडाट ऐकू आला तर आणखी मागे घेतो. स्पार्क उशिरा म्हणजे जळणंही उशिरा. जी उष्णता पिस्टनला ढकलायला हवी होती ती एक्झॉस्टमधून बाहेर पडते, टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा भाग) जास्त तापतात, आणि त्यांना वाचवायला ईसीयू जादा पेट्रोल ओततो. दिवा लागत नाही, कारण बिघाड झालेलाच नाही. ईसीयू नेमून दिलेलं काम चोख करतोय.

डायनोवरचा २९०चा आकडा खोटा नाही. पण तो दहा-पंधरा सेकंदांच्या एका ओढीचा आहे. तेवढ्या वेळात इंटरकूलरच्या धातूचं वजनच बरीचशी उष्णता पिऊन घेतं. ती बाहेरच्या हवेला द्यायची वेळच येत नाही. ट्रॅकवर वीस मिनिटं सलग चालायचं म्हणजे जेवढी उष्णता आत येते तेवढी बाहेर गेलीच पाहिजे. म्हणून ट्यूनरने (मॅप बदलून देणाऱ्याने) दिलेल्या कागदावर पहिल्या ओढीचा आकडा असतो, आणि मला आठव्या लॅपचा हवा असतो.

मग करायचं काय? आधी बंपर काढा आणि इंटरकूलरच्या चारही बाजूंच्या फटी बघा. हवेला जाळीतून घुसण्यापेक्षा बाजूने निसटणं सोपं, आणि ती तेच करते. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने आणि उष्णता सोसणाऱ्या फोमने त्या फटी बंद करा, म्हणजे बंपरच्या तोंडातून आलेल्या सगळ्या हवेला इंटरकूलरमधूनच जावं लागेल. हे काम कुणी फोटो काढून मिरवत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांत ते झालेलंच नसतं. त्यानंतर मोठा इंटरकूलर. त्यातला जाड बार-अँड-प्लेट कोअर (आतली भरीव बांधणीची जाळी) उशिरा तापतो, पण एकदा तापला की निवायलाही वेळ घेतो आणि मागच्या रेडिएटरची हवा अडवतो. म्हणून बदलल्यावर कूलंटचं तापमानही लॉग करा. हवा ९ अंशांनी थंड झाली आणि कूलंट ११० वर गेलं, तर दुखणं फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हललं. ऑइल कूलर इंटरकूलरच्या पुढ्यात लावणारे लोक तर मला अजूनही भेटतात. तिथे तो हवा आधीच तापवून देतो. चाकाच्या कमानीजवळ, स्वतःच्या डक्टसकट लावा.

हे सगळं झाल्यावर ट्यूनरकडे जा आणि म्हणा, बूस्ट ०.८५ बार कर आणि इग्निशन थोडी पुढे दे. आठव्या लॅपला या मॅपची गाडी १ बारच्या मॅपपेक्षा वेगवान निघण्याची शक्यता मी चांगलीच धरते.

मोठ्या टर्बोची वेळ कधी येते, तेही सांगते. लॉगमध्ये ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी ठेवा. वरच्या आरपीएमला मागणी १ बारची, मिळतोय ०.८, आणि वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) जवळजवळ पूर्ण बंद ठेवूनही तेवढाच मिळतोय, असं दिसलं तर टर्बो खरंच संपला. संपलेल्या टर्बोची कार्यक्षमताही घसरलेली असते, तो हवा कमी आणि उष्णता जास्त देतो. तुमच्या लॉगमध्ये तसं काही नाही.

प्रश्न : ताई, माझी गाडी १.८ लिटर डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी) टर्बो आहे. मला २००० आरपीएमलाच ४५० न्यूटन मीटर टॉर्क हवाय, म्हणजे ओव्हरटेक करताना गिअर बदलायला नको. ट्यूनर म्हणतो होईल. करू ना?

उत्तर : होईल, हे खरं आहे. किती दिवस होईल, हे ट्यूनरला विचारा.

सिलिंडरमधला दाब टॉर्कच्या मागे चालतो, अश्वशक्तीच्या नव्हे. ४५० न्यूटन मीटर २५०० आरपीएमला मिळाले तर होतात ११८ किलोवॅट. ३५० न्यूटन मीटर ६००० आरपीएमपर्यंत टिकवले तर होतात २२० किलोवॅट. दुसऱ्या गाडीत शक्ती दुपटीच्या जवळ आहे आणि तरी कनेक्टिंग रॉडवर प्रत्येक स्फोटाला येणारा भार कमी. खालच्या आरपीएमला पिस्टन हळू चालतो, वाढलेला दाब जास्त वेळ त्याच्या डोक्यावर बसून राहतो. रॉड वाकतात ते बहुतेक इथेच. क्लचही इथेच स्लिप मारायला लागतो, आणि लोक म्हणतात क्लच खराब होता.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये आणखी एक विघ्न आहे, कमी वेगातलं प्री-इग्निशन. कमी आरपीएम आणि जड भार असला की तेलाचा थेंब किंवा काजळीचा कण स्पार्कच्या आधीच पेट घेतो. हे साधं नॉकिंग नव्हे. ईसीयूला स्पार्क मागे घेऊन ते थांबवता येत नाही, कारण आग स्पार्कने लावलेलीच नसते. एकाच दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा प्रकार वाढतो असं दिसल्यावर एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने) २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आणले, त्यात याची वेगळी चाचणी आहे. तुमच्या डब्यावर एसपी किंवा गाडीच्या कंपनीचा त्याच तोडीचा दर्जा छापलेला आहे का, आजच बघा.

माझं मत विचाराल तर २००० ते ३००० मध्ये टॉर्क ३०० च्या आसपास धरून ठेवायचा, ३२०० नंतर ३५० वर न्यायचा आणि ६००० पर्यंत पडू द्यायचा नाही. ट्रॅकवर तुम्ही ३५०० च्या खाली जाणारच नाही. रस्त्यावर ओव्हरटेक करताना एक गिअर खाली घ्या. गिअर त्यासाठीच दिलेत.

प्रश्न : ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर टर्बोचा साठलेला दाब मोकळा करणारी झडप) हवा बाहेर सोडणारा लावला. आवाज मस्त येतो, पण पाय काढला की गाडी झटके देते आणि मागून फटफट आवाज येतो.

उत्तर : तुमच्या गाडीत हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे. त्याने मोजलेली हवा तुम्ही वाटेतच बाहेर सोडता, पण ईसीयू त्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल देऊन मोकळा झालेला असतो. मिश्रण गच्च होतं, झटके त्याचे, आणि फटफट म्हणजे न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटतंय. कंपनीचा हवा परत आत फिरवणारा व्हॉल्व्ह लावा. त्याचा पडदा फाटला असेल तर नवा घ्या. आवाजाचा मोह असेल तर एअर फिल्टरचा डबा उघडा करून बघा, तोही पुरेसा ओरडतो.

प्रश्न : स्टेज टू (रीमॅपसोबत काही भागही बदलणारं ट्यूनिंग) केल्यापासून ट्रॅकवर ब्रेकचा पेडल चौथ्या-पाचव्या लॅपला तळापर्यंत जातो. मोठे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) घ्यावे लागतील का? रस्त्यावर ब्रेक उत्तम आहेत.

उत्तर : तुमचा पेडल मऊ होऊन खाली जातो की कडक राहूनही गाडी थांबत नाही, हा पहिला प्रश्न. तुम्ही "तळापर्यंत" लिहिलंय म्हणून मऊ असं धरते. मऊ पेडल म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. कडक पेडल आणि गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून गुळगुळीत झाले. दोन्हींचे इलाज वेगळे, आणि दोन्हींत कॅलिपर पहिला येत नाही.

आता जादा शक्तीने काय केलं ते बघा. १५०० किलोची गाडी १८० वरून ८० किलोमीटर वेगावर आणली की ब्रेकमध्ये सुमारे १.५ मेगाज्यूल उष्णता उतरते. साडेचार लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणण्याइतकी, आणि तुम्ही ती चार-पाच सेकंदांत चार डिस्कमध्ये भरता. रीमॅपनंतर त्याच पट्ट्याच्या शेवटी तुमचा वेग १९५ झाला असेल, तर उष्णता होते १.८ मेगाज्यूल. वेग पंधरा किलोमीटरने वाढला, ब्रेकचं काम पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं, आणि ते प्रत्येक लॅपला. इंजिनावर खर्च करताना हे कुणी सांगत नाही.

डॉट ४ चं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पुरेसं पाणी शोषल्यावर त्याचा किमान उत्कलनबिंदू १५५ वर येतो. तुमच्या गाडीत शेवटचं कधी बदललं, हे पत्रात नाही. बहुतेकांच्या पत्रात नसतं. चांगल्या प्रतीचं डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरा, चारही चाकांची हवा नीट काढा, आणि ट्रॅकवर जात असाल तर वर्षातून एकदा तरी बदला. नुसतं डॉट ५ लिहिलेला डबा मात्र घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या ब्रेकमध्ये मिसळायचं नाही.

त्यानंतर पॅड. इथे रस्ता आणि ट्रॅक यांचं खरंच पटत नाही. पक्क्या रेसिंगच्या पॅडला काम करायला उष्णता लागते; थंड असताना सकाळच्या पहिल्या सिग्नलला ते पकडत नाहीत आणि वर किंचाळतात. मधल्या जातीचे, म्हणजे फास्ट रोड म्हणून विकले जाणारे पॅड घ्या, किंवा ट्रॅकच्या सकाळी पॅड बदला. अर्ध्या तासाचं काम आहे, शिकून घ्या. बंपरच्या धुक्याच्या दिव्यांच्या जागेतून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेचा पाइप नेता आला तर मोठ्या कॅलिपरची गरज बऱ्याच गाड्यांत उरतच नाही.

प्रश्न : आमच्याकडे कधी ९८ ऑक्टेनचं (आकडा जास्त तितकं नॉकिंग कमी) पेट्रोल मिळतं, कधी ९५ वर भागवावं लागतं. मॅप ९८ वर केलाय. वॉटर-मिथेनॉल इंजेक्शन (आत जाणाऱ्या हवेत पाणी-मिथेनॉलचा फवारा) लावलं तर फिकीर मिटेल असं मित्र म्हणतो.

उत्तर : मित्राची कल्पना नवी नाही. ओल्ड्समोबाइलने १९६२ मध्ये जेटफायर नावाची टर्बो गाडी विकायला काढली. इंजिन ३.५ लिटरचं व्ही-८, कॉम्प्रेशन तब्बल १०.२५, आणि नॉकिंग आवरायला पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी. त्या द्रवाचं नाव होतं टर्बो-रॉकेट फ्लुइड, ऐकूनच गाडी घ्यावीशी वाटेल. टाकी रिकामी झाली की बूस्ट कापणारी यंत्रणाही कंपनीने दिली होती. मालक टाकी भरायला विसरायचे, मग गाडी चालत नाही म्हणून तक्रार करायचे. दोन वर्षांत गाडी बंद झाली.

तंत्र चांगलं आहे, हवा थंड होते आणि नॉकिंग दबतं. पण ज्या मॅपचा जीव त्या टाकीवर अवलंबून आहे, तो पंप अडकल्याच्या दिवशी इंजिन मारतो. लावायचंच असेल तर नळीत प्रवाह मोजणारा सेन्सर हवा, आणि प्रवाह थांबताक्षणी ईसीयूने कमी बूस्टच्या मॅपवर गेलं पाहिजे. तेवढं करायची तयारी नसेल तर दोन मॅप ठेवा, ९५ चा रोजचा आणि ९८ चा ट्रॅकचा. टाकीत अर्धं अर्धं मिसळलं असेल तर ९५ चाच चालवा. नॉक सेन्सर आहे ना, तो सांभाळेल, असं म्हणू नका. तो नॉकिंग झाल्यावर बोलतो.

प्रश्न : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला तर किती फायदा?

उत्तर : बहुतेक देशांत रस्त्यावर तशी गाडी बेकायदा आहे, आणि तशा गाडीचा मॅप मी करत नाही. कमी अडथळ्याचा, मान्यता असलेला कन्व्हर्टर मिळतो. टर्बोनंतरचा पाइप मोठा केल्याचा बहुतेक फायदा त्यातही येतो.

प्रश्न : ट्रॅकवरून आल्यावर इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं का? आणि ऑइल १३५ अंशांपर्यंत जातं, ते चालेल?

उत्तर : पिटमध्ये उभं राहून इंजिन चालू ठेवण्यापेक्षा शेवटचा लॅप हळू घ्या. मोठ्या गिअरमध्ये, बूस्ट न येऊ देता, ब्रेक शक्य तितके कमी लावत. चालत्या गाडीत सगळीकडून वारा लागतो, उभ्या गाडीत फक्त पंख्याचा. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. लाल झालेल्या टर्बाइनशेजारी तेल थांबलं की जळून कोळसा होतो. आजच्या बहुतेक टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, तरी तो हळू लॅप घ्याच. उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा.

१३५ मला जास्त वाटतं. १२० पर्यंत मी निर्धास्त असते, १३० ला वेग कमी करते. ऑइल कूलर लावा, पण थर्मोस्टॅटवाला. नाहीतर रोजच्या छोट्या फेऱ्यांत ऑइल ८० अंशांवरही चढणार नाही, त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जाणार नाही आणि इंजिन वेगळ्या कारणाने झिजेल. लांब वळणात ऑइल सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, म्हणून ट्रॅकवर जाताना पातळी वरच्या खुणेला ठेवा. खुणेच्या वर मात्र नको.

प्रश्न : अलाइनमेंट (चाकांचे कोन) ट्रॅकची ठेवली तर रस्त्यावर टायर आतून खातात. मधला मार्ग?

उत्तर : टायर खाण्याचा आळ लोक कॅम्बरवर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) घेतात, पण जास्त खातो तो टो (वरून बघता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं). पुढच्या चाकांना उणे दोन अंशांच्या आसपास कॅम्बर ठेवा आणि टो शून्यावर आणा. रस्त्यावर झीज सोसण्याइतकी राहते आणि ट्रॅकवर बाहेरची कड वाचते. सस्पेन्शनच्या वरच्या टोकाला कॅम्बर बदलता येणाऱ्या प्लेट लावल्या असतील तर लक्षात ठेवा, कॅम्बर हलवला की टो पण हलतो. नुसत्या खुणा बघून बदलू नका, पुन्हा मोजा.

टायरमधली हवा ट्रॅकवर ०.४ ते ०.५ बारने चढते. थंड टायरचा आकडा तिथे काही सांगत नाही. पहिल्या सत्रातून आत येताच, टायर गरम असताना मोजा, चारही वेगवेगळे, आणि कागदावर लिहा. टायर कंपनीने गरम टायरसाठी जो आकडा दिलाय तिथपर्यंत हवा सोडा. निघायच्या आधी टायर निवले की रस्त्याच्या आकड्यापर्यंत हवा भरा. भरायचा पंप सोबत न्या, कारण तिथला दुसऱ्याच्या हातात असतो.